अप्पांची रमी, अप्पांची घड्याळं

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. माहेर अशोक चौकाजवळ. माझ्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. वय ६७. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याला पैसे द्यायचे तेही मोजून. चार वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, पार्किन्सन निघाला, गोळ्या सुरू झाल्या. २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. तिने फार फरक पडला. अप्पा पुन्हा आपल्या हाताने कडक भाकरी मोडून खाऊ लागले, बँकेत सही जुळू लागली.

संक्रांतीनंतर त्यांना मोबाईलवर पैशाच्या रमीचा नाद लागला. आधी शंभर-दोनशे, मग हजारात. ऑगस्टमध्ये सरकारने ती ॲपं बंद केली तेव्हा आईने सिद्धेश्वराला नारळ फोडला. आठवड्याभरात उशीखाली लॉटरीच्या तिकिटांची चवड सापडली. पीएफच्या पैशातल्या दोन एफडी मोडल्यात, ३ लाख ४० हजार गेलेत, आईच्या पाटल्या गहाण आहेत. एकदा अकरा हजार लागले, पण चेहऱ्यावर हसू नाही, तसेच चपला घालून पुढचं तिकीट काढायला गेले. रात्री दोनला उठून घरातली घड्याळं उघडून बसतात. स्क्रू मापाप्रमाणे ओळीत लावतात, मोडतात, परत लावतात. शेंगापोळ्यांचा डबा एका रात्रीत संपतो. विचारलं तर खोटं बोलतात. अप्पा खोटं बोलतात, हे लिहिताना माझाच हात थांबला.

भाऊ म्हणतो, म्हातारचळ आहे, गोळ्या बंद करा, मोबाईल काढून घ्या, व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाका. आई म्हणते, कुणीतरी करणी केली. मला एवढंच सांगा, हे अप्पांच्या आत आधीपासूनच होतं का, आणि आम्हालाच दिसलं नाही का?

— एक लेक

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात दोन तारखा आहेत. दसऱ्याला गोळी वाढली आणि संक्रांतीनंतर रमी सुरू झाली. या दोन तारखा तुम्ही वेगवेगळ्या परिच्छेदात लिहिल्यात, कारण तुमच्या मनात एक आजाराच्या खात्यात आहे आणि दुसरी स्वभावाच्या. त्या एका ओळीत लिहून बघा. माझं सगळं उत्तर त्या ओळीत आहे.

पण आधी भावाला थांबवा. गोळ्या घरच्या घरी बंद करायच्या नाहीत, अर्धीसुद्धा कमी करायची नाही. पार्किन्सनची औषधं एकदम तोडली तर अंग लाकडासारखं कडक होऊन प्रचंड ताप चढू शकतो, आणि तो जिवावर बेततो. नुसती ही नवी गोळी अचानक थांबवली तरी घाबरं होणं, घाम, अस्वस्थता, खोल उदासी असं काहीबाही मागे लागतं. गोळी कमी करावी लागेल असं मलाही वाटतं, पण ती तुमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या हाताने आणि पायरी पायरीने.

तुम्ही चिठ्ठीवरून औषधांची नावं उतरवून पाठवलीत, हे फार बरं केलंत. एक आहे लेव्होडोपा, आणि दसऱ्याची नवी ती प्रॅमिपेक्सोल. पत्रावरून निदान करू नये हे मला कळतं. पण प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या जातीच्या गोळ्या, जुगार, रात्रीचं खाणं आणि सुटे स्क्रू हे सगळं एका घरात एका वर्षात आलं, की शंका फार दाट होते. या गोळ्यांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर तो छापलेलाही असतो. आपल्याकडे मेडिकलवाला पट्टी कात्रीने कापून दहा गोळ्या देतो, कागद खोक्यातच राहतो.

आता हे होतं कसं, ते जरा निवांत सांगतो. अप्पांनाही हे सांगायचं आहे तुम्हाला, आणि चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला ‘तुमच्या मेंदूत केमिकल लोचा झालाय’ एवढ्यावर भागवलेलं चालणार नाही.

मेंदूच्या मधल्या भागात, खाली, दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याचं नावच ‘काळा पदार्थ’ असं आहे. तिथल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन बनवतात. पार्किन्सनमध्ये या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात.

या रसायनाचं महत्त्व कळलं त्यात आपल्या सर्पगंधेचाही हात आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला, आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. या रेसर्पिनने मेंदूतलं डोपामाइन संपतं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तर ससे कान पाडून जागच्या जागी बसले. हलेनात. मग लेव्होडोपा टोचलं, ज्याचं मेंदूत डोपामाइन बनतं, आणि थोड्या वेळात तेच ससे उड्या मारू लागले. ही १९५७ ची गोष्ट. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. अप्पांच्या चिठ्ठीतली पहिली गोळी त्या सशांपासून चालत आली आहे.

डोपामाइन मेंदूत एकाच ठिकाणी जात नाही. खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. त्याच्या वरच्या अंगाला हालचालीची कामं चालतात: हात उचलणं, पाऊल टाकणं, सही करणं. खालच्या अंगाला ‘हवंय’ची कामं: कशाकडे ओढ वाटावी, कशासाठी उठून जावं. पार्किन्सनमध्ये वरचं अंग आधी कोरडं पडतं. खालच्या अंगाला त्या मानाने पुष्कळ दिवस पाणी असतं.

उजनीच्या कालव्यावर रान असलेल्या कुणालाही पुढचं लगेच समजेल. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही म्हणून ओरड होते, वरून विसर्ग वाढवतात. टेलचा ऊस उभा राहतो. पण ज्याच्या रानात पुरेसं पाणी आधीच होतं, त्याचं रान चिबडतं, पाणी साचून खराब होतं. अप्पांच्या गोळीने हात सुधारला तो टेलचा ऊस. रमी हे चिबडलेलं रान. त्यात आणखी भर म्हणजे प्रॅमिपेक्सोल डोपामाइनची नक्कल करते, आणि पेशींवरच्या डोपामाइनसाठीच्या खाचांपैकी, म्हणजे रिसेप्टरपैकी, ज्या प्रकारावर ती जास्त घट्ट बसते, ते या खालच्या अंगातच दाट असतात.

व्हॉट्सॲपवर फिरतं की डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन. हे मला अगदी चिडवतं. डोपामाइनचं मुख्य काम ओढ लावणं. आनंदाची सोय मेंदूत बरीचशी वेगळी आहे. प्रयोगशाळेत ज्या उंदरांचं डोपामाइन जवळपास संपवलं, ते उठून खायलाही जात नव्हते, पण जिभेवर गोड थेंब ठेवला की चाटून समाधानाचं तोंड करत होते. ओढ गेली, गोडी राहिली. तुमच्या अप्पांचं उलटं झालंय. अकरा हजार लागले आणि चेहऱ्यावर हसू नाही, चपला मात्र पायात. पाठ्यपुस्तकात याच्याइतकं नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

मग हरल्यावर तरी माणूस थांबत का नाही? १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामाइनच्या पेशींमध्ये बारीक तारा घालून त्यांची टिकटिक ऐकली. अचानक फळांचा रस मिळाला की पेशी जोरात टिकटिकायच्या. दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं, तेव्हा टिकटिक रसाला व्हायची बंद झाली आणि दिव्याला व्हायला लागली. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प व्हायच्या, नेहमीपेक्षाही गप्प. ते गप्प होणं हाच धडा असतो, की इथं काही मिळत नाही, पुन्हा येऊ नको.

अप्पांना असं विचारा: बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप का थांबतो? ते दहा मिनिटं सांगतील. मग विचारा: ती थांबवायची सोय कुणी बांधून ठेवली तर? धागा तुटलेलाच, माग चालूच, आणि गजच्या गज खराब कापड निघतंय. त्यांची गोळी हेच करते. पेशी गप्प झाल्या तरी गोळी दिवसभर रिसेप्टरवर बसून राहते, त्यामुळे हरल्यावरचं ते गप्प होणं पुढे पोचत नाही. २००४ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या रुग्णांवर याचा प्रयोग झाला. औषध घेतलेलं नसताना रुग्ण चुकीतून चांगलं शिकत होते. औषध घेतल्यावर बक्षिसातून शिकणं वाढलं आणि चुकीतून शिकणं मंदावलं.

घड्याळांचंही तेच. उगाच वस्तू उघडणं, लावणं, मोडणं, तासन् तास, याला डॉक्टर ‘पंडिंग’ म्हणतात. हा स्वीडनमधल्या अँफेटामाइन घेणाऱ्या लोकांच्या बोलीतला शब्द. यातली मला नेहमी गलबलून टाकणारी गोष्ट अशी, की माणूस त्यात आपल्या आयुष्याचंच काम करतो. शिवणकाम केलेली बाई बटणं लावत बसते, कारकून कागद लावतो. जॉबर घड्याळं उघडणारच. साधारणपणे हे एकूण डोस जास्त झाल्याचं लक्षण असतं, म्हणून डॉक्टरांना रमीबरोबर स्क्रूंचंही सांगा, क्षुल्लक म्हणून गाळू नका.

एक कबुली देतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एका निवृत्त एसटी कंडक्टरला त्यांची मुलं घेऊन आली होती. पार्किन्सन होता, आणि मटक्यावर घर गहाण पडायची वेळ आली होती. मी त्यांना अर्धा तास व्यसनावर व्याख्यान दिलं. ते मान खाली घालून म्हणाले, “साहेब, मला कळतंय सगळं, पाय जातात.” मी त्यांची न्यूरॉलॉजीची चिठ्ठी उघडूनही पाहिली नाही. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा २००५ चा एक लेख हाती आला. या जातीच्या गोळ्या घेणारे आणि जुगाराच्या नादी लागलेले ११ रुग्ण त्यात मांडले होते. तो वाचताना “पाय जातात” हे शब्द कानात आले. तोवर ते गृहस्थ माझ्याकडे यायचे थांबले होते. तेव्हापासून नवा नाद घेऊन कुणी आलं की मी आधी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला सांगतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो: हे आत आधीपासून होतं का? मला ‘नाही’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते पुरतं खरं नाही. हे सगळ्यांनाच होत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. या जातीची गोळी घेणाऱ्या शंभरांत सुमारे १७ जणांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांपैकी कशाचा तरी आवरेनासा नाद दिसला. गोळी न घेणाऱ्यांत सुमारे ७. म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी जण तीच गोळी घेऊन सुखाने राहतात. कुणाच्या रानाचा उतार कसा, हे ज्याचं त्याचं असतं. पण ओढ लावणारी ही जागा तुमच्यात आहे, माझ्यात आहे, भावात आहे. तिच्याच जोरावर अप्पा चाळीस वर्षं पहाटे उठून कारखान्यात गेले. ती जागा होती म्हणून जुगारी लपला होता, असा अर्थ काढू नका. आणि रमी काही गोळीने शिकवली नाही. ती जाहिरातींनी शिकवली. गोळीने फक्त दार सताड उघडं ठेवलं.

खोटं बोलण्याचा तुम्हाला फार त्रास झालाय. माझ्या मते ते खोटं म्हणजे अप्पा अजून तिथेच असल्याची खूण आहे. ज्याला चूक कळत नाही तो तिकिटं उशीखाली ठेवत नाही, टेबलावर ठेवतो.

आईचं अर्धं बरोबर आहे, हे तिला सांगा. हे बाहेरूनच आलंय, फक्त पट्टीतून आलंय. नवस फेडायचा तो फेडू द्या, त्यावर वाद घालू नका.

करायचं काय, तर पहिलं म्हणजे न्यूरॉलॉजिस्टना आजच फोन लावून लवकरची वेळ मागा. नियमित तपासणीची वाट पाहू नका. जाताना एक कागद न्या. त्यावर कुठली गोळी कधी वाढली आणि काय कधी सुरू झालं एवढंच, तारखांसकट. डॉक्टरांवर तुटून पडू नका. अप्पांनी स्वतः त्यांना हे सांगितलं असण्याची शक्यता शून्य आहे, हात सुधारला एवढंच सांगितलं असणार. बहुतेक वेळा ही गोळी हळूहळू उतरवतात आणि गरज पडली तर लेव्होडोपा जुळवून घेतात. पुष्कळांचा नाद त्यानंतर काही आठवड्यांत, महिन्यांत ओसरतो. पण किंमत आहे. हात थोडा परत थरथरेल, भाकरी मोडताना आई मदत करेल. अप्पा गोळी सोडायला नाखूश असतील आणि उतरवताना चिडचिड, उदासी येऊ शकते. त्या दिवसांत त्यांना एकटं सोडू नका. कर्जाची लाज आणि ही उदासी एकत्र आली की माणूस जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारापर्यंत जातो. तसं बोलणं कानावर आलं तर क्षणभर थांबू नका. रात्री-अपरात्री सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चालू असतो, मराठीत बोलता येतं.

अजून एक, आणि हे जपून. आईला एकटीला गाठून विचारा, की त्यांच्या नात्यात, झोपण्याच्या वेळी, अलीकडे काही फरक पडलाय का, तिला काही त्रास होतोय का. वर सांगितलेल्या नादांत हाही एक आहे, आणि आपल्याकडच्या बायका तो मरेपर्यंत बोलत नाहीत. तुम्हाला विचारणं जमत नसेल तर दवाखान्यात आईला पाच मिनिटं डॉक्टरांशी एकटं बोलू द्या.

पैशांचं आता लगेच करा, गोळी उतरेपर्यंत थांबू नका. उरलेली ठेव आईच्या आणि त्यांच्या दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी करून घ्या. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेतून कमी करा. पाटल्यांच्या पावत्या तुमच्याकडे ठेवा. हे अप्पांच्या पाठीमागे करू नका, त्यांना बँकेत सोबत न्या आणि अर्जावर त्यांचीच सही घ्या. खिशात दोनशे रुपये राहू द्या. ज्या माणसाने घर चालवलं त्याचा खिसा रिकामा ठेवला, तर तो नादापेक्षा त्या अपमानानेच घराबाहेर पडेल. मोबाईल काढून घेण्याचा भावाचा बेत म्हणूनच मला पसंत नाही. बहिणीला, नातवंडांना फोन करायचा तरी कशावरून?

व्यसनमुक्ती केंद्र सध्या नको. गोळी तीच ठेवून समुपदेशन म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. गोळी उतरल्यावरही नाद राहिला तर बघू.

कुणीतरी तुम्हाला कवचबीजाचं, म्हणजे खाजकुयलीचं चूर्ण सुचवेलच, नैसर्गिक आहे म्हणून. त्या बियांत लेव्होडोपाच असतं. गोळ्यांवर ते चूर्ण म्हणजे चिबडलेल्या रानात आणखी पाणी. आधीच कुणी चालू केलं असेल, तर तेही कागदावर लिहा.

दोष कुणाचा, हे भाऊ विचारणारच. फ्रान्समध्ये अशाच एका रुग्णाच्या दाव्यात रेन शहराच्या अपील कोर्टाने २०१२ साली औषध कंपनीला सुमारे २ लाख युरो भरपाई द्यायला लावली होती. आपल्याला तिकडे जायचं नाही, पण भावाला एवढं सांगून ठेवा, की परक्या देशातल्या कोर्टाने जे मान्य केलं ते सख्ख्या मुलाने मान्य करायला हरकत नाही.

घड्याळांना मात्र हात लावू नका. पसारा दिसला तरी आवरू नका. आवरायला गेलं की अशी माणसं भडकतात. रात्री दोनला उठलेच, तर शेजारी बसून म्हणा, “अप्पा, हे एवढं बसवा आणि झोपू या.” उघडलेलं मशीन दुसऱ्याने बंद केलेलं जॉबरला चालत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

फोन लावलात की दोन ओळी लिहा.